दूरदेशीचा पूर आणि आपल्या पेढीवरील भाव

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली, तेव्हा तूर, ज्वारी आणि गूळ यांपलीकडे सांगण्यासारखे आपल्यापाशी काय आहे, असा प्रश्न मला पडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. अठराव्या वर्षी वडिलांच्या भुसार पेढीवर बसलो, तो आज पासष्टी गाठली तरी त्याच गादीवर आहे. परंतु विषय मला संघाच्या सभासदांच्या यादीनेच सुचविला. एके काळी या यादीत भुसार, किराणा, कापड, भांडी आणि सोनेचांदी यांवेगळे दुकान विरळाच असे. आज त्याच घराण्यांतील मुले संगणक आणि त्याचे सुटे भाग विकतात. माल बदलला, हे खरे; पण तेजीत कसे वागावे, साठा किती करावा आणि दिलेल्या शब्दाचे मोल काय, हे प्रश्न बदलले आहेत काय? ते तसूभरही बदललेले नाहीत, असे माझे नम्र मत आहे. आणि ते मत मी पोथीतून नव्हे, तर घरातल्या एका भांडणातून बनविलेले आहे.

ते साल २०११. दिवाळी तोंडावर आली होती. बेळगावात संगणकाच्या भागांचे दुकान चालविणारा माझा धाकटा पुतण्या भर दुपारी पेढीवर आला. त्याचा चेहरा उतरलाही होता आणि उजळलाही होता. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याने त्या दिवशी हार्ड डिस्कचा भाव सांगण्याचेच नाकारले होते. पुतण्याच्या कपाटात चाळीस हार्ड डिस्क शिल्लक होत्या. प्रत्येकी सुमारे दोन हजार रुपयांची खरेदी. त्यांपैकी पंधरा एका शाळेला द्यावयाच्या, असे भावासह तोंडी ठरले होते. तो म्हणाला, "काका, पंधरा दिवस कपाट उघडले नाही तर पैसे दुप्पट होतात. शाळेने इसार दिलेला नाही. शब्दाला कागद नाही."

मी म्हटले, "शब्दाला कागद लागतो, हे तुला या घरात कोणी शिकविले?"

त्यावर त्याने जे विचारले, त्याचे उत्तर त्या क्षणी मजपाशी नव्हते. "जुन्या भावाने सगळे विकून बसलो, तर नवा माल कोणत्या पैशांनी आणू?"

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर आधी घडले काय, ते समजून घेतले पाहिजे. मीही ते नंतर वाचून, विचारून समजून घेतले.

थायलंड, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यातला सयाम, हा मूळचा तांदळाचा देश. चाओ फ्राया नदीचे खोरे म्हणजे दूरवर पसरलेली सपाट भातशेती. पावसाळ्यात तेथे पाणी चढावे आणि भात पिकावे, अशीच त्या भूमीची रचना. पुढे याच सखल भूमीवर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. जमीन सपाट, बँकॉक जवळ, रस्ते उत्तम. २०११ मध्ये जुलैपासून एकामागून एक वादळे आली, भूमिबोल आणि सिरिकित ही मोठी धरणे काठोकाठ भरली, आणि ऑक्टोबरात अयुत्थया व पथुम थानी या प्रांतांतील सात औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. आठशेंहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. जागतिक बँकेने एकंदर हानीचा अंदाज सुमारे ४५ अब्ज डॉलर एवढा केला. भावाची चर्चा करण्यापूर्वी त्या मृतांचे स्मरण ठेवणे उचित होय. कारण व्यापाऱ्याच्या कानी आपत्ती येते ती बहुधा भावाच्या रूपाने, आणि माणसे मागे राहतात.

जगातील हार्ड डिस्कच्या उत्पादनाचा फार मोठा भाग त्या काळी थायलंडात होत असे. वेस्टर्न डिजिटल या कंपनीचे सुमारे साठ टक्के उत्पादन त्या एकाच देशात होते, आणि तिचा बांग पा-इन येथील कारखाना पाण्यात बुडाला. सीगेट या दुसऱ्या मोठ्या कंपनीचे कारखाने मात्र कोरडे राहिले. तरीही तिचे उत्पादन घटले. याचे कारण मोठे बोधप्रद आहे. हार्ड डिस्कमधील चकती फिरविण्यासाठी एक इवलीशी मोटर लागते, आणि जगातील अशा मोटरींपैकी बहुतेक मोटरी निडेक या एकाच जपानी कंपनीच्या. तिचे थायलंडातील कारखानेही पुरात सापडले. गिरणी कोरडी, जाते शाबूत, पण दळावयास धान्य नाही, अशी ती अवस्था. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हेच अनुभवले. आपले गोदाम सुरक्षित होते, आपली माणसे सुखरूप होती, आणि तरीही गिऱ्हाइकाला देण्यास माल नव्हता.

२०११ च्या अखेरच्या तिमाहीत जगातील हार्ड डिस्कची रवानगी आधीच्या तिमाहीपेक्षा एक चतुर्थांशाहून अधिक घटली. अनेक देशांत किरकोळ भाव मात्र दुपटीवर गेले. या विसंगतीकडे व्यापाऱ्याने बारकाईने पाहिले पाहिजे. माल चतुर्थांशाने घटला तर भाव दुप्पट का व्हावा? भुसार बाजारात वाढलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक आहे. टंचाईची तेजी तीन पदरी असते. पहिला पदर खऱ्या तुटीचा. तो कोणाच्या हाती नाही. दुसरा पदर भयाचा. ज्याला दहा नग हवेत तो वीस मागतो, आणि मागणी फुगते. तिसरा पदर लोभाचा. ज्याच्यापाशी माल आहे तो "माल नाही" म्हणतो, आणि आवक आणखी आटते. पहिला पदर निसर्गाचा. उरलेले दोन आपले. आपण मात्र बोलताना तिन्हींचे खापर पुराच्या माथी फोडतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बांग पा-इनचा कारखाना नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा अंशतः सुरू झाला, पूर ओसरला, परंतु भाव पूर्वपदावर येण्यास पुढे पुष्कळ काळ गेला. त्याच सुमारास सीगेटने सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा घेतला आणि मार्च २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा. तोशिबा धरून जगात हार्ड डिस्क बनविणारे तीनच मोठे उत्पादक उरले. इतकेच नव्हे, तर दोन्ही मोठ्या कंपन्यांनी त्याच हंगामात अनेक हार्ड डिस्कवरील हमीची मुदत कमी केली. ज्या पेठेत विकणारे तीनच, त्या पेठेत भाव चढतो धावत आणि उतरतो लंगडत. त्यात कोणी कट केला, असे माझे म्हणणे नाही. विकणारे थोडे असले की असे घडते, एवढेच मी म्हणतो.

असे प्रसंग एकट्या थायलंडाचे नाहीत. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानात मोठा भूकंप झाला. दोन हजार चारशेंहून अधिक माणसे गेली. संगणकाच्या चिप बनविणारे शिंचू येथील कारखाने भूकंपाच्या केंद्रापासून दूर होते. पण वीज गेली, काम थांबले, आणि मेमरीचे भाव भडकले. ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा चिपखालच्या पाटीसाठी लागणारी एक विशिष्ट राळ बनविणारा फुकुशिमा प्रांतातील कारखाना बंद पडला. त्या रा‍ळेच्या जागतिक पुरवठ्यापैकी सुमारे निम्मा वाटा त्या एका कंपनीचा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडून वीजपुरवठा कोलमडला आणि ऑस्टिन येथील चिपचे कारखाने थांबले. त्याच वर्षी तैवानात अवर्षण पडले. कारखान्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले, आणि पाणी वाचविण्यासाठी सरकारने भरपाई देऊन भातशेतीचे सिंचन बंद केले. ही वार्ता वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो. चिप आणि तांदूळ एकाच तळ्याचे पाणी पितात, हे भुसार व्यापाऱ्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३ एप्रिल २०२४ रोजी तैवानात १९९९ नंतरचा सर्वांत मोठा भूकंप झाला. परंतु तेथील सर्वांत मोठ्या चिप कंपनीने दहा तासांत आपली सत्तर टक्क्यांहून अधिक यंत्रे पूर्ववत केल्याचे जाहीर केले. पंचवीस वर्षांत त्यांनी इमारती, यंत्रे आणि माणसे यांची सिद्धता केली होती. आणि उलटपक्षी, २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले, ते कोणत्याही पुरामुळे वा भूकंपामुळे नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणकगृहांच्या मागणीमुळे. म्हणून आपत्ती आली की भाव चढेलच असे नाही, आणि भाव चढला की आपत्तीच कारण असेल असेही नाही. ज्याने कारण शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्याने साठा करणे म्हणजे डोळे बांधून सौदा करणे होय.

साठ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच थायलंडातील, त्याच ऑक्टोबर २०११ मधील दुसरी कथा सांगतो. तेथील सरकारने त्या महिन्यापासून शेतकऱ्यांचे भात टनाला पंधरा हजार बाट या, बाजारभावाहून पुष्कळ चढ्या दराने घेण्याची योजना सुरू केली. जगात तांदूळ निर्यातीत थायलंड पहिला. आपण माल धरून ठेवला की जगाचा भाव चढेल, असा त्यामागे हिशेब होता. परंतु सप्टेंबर २०११ मध्ये भारताने बासमतीखेरीज इतर तांदळाची निर्यात खुली केली होती. जगाने आपल्याकडून तांदूळ घेतला. २०१२ मध्ये थायलंडने निर्यातीतील पहिले स्थान गमावले आणि ते भारताकडे आले. तिकडे एक कोटी टनांहून अधिक तांदूळ वखारींत पडून राहिला, तो विकता विकता वर्षे गेली. सर्वांत मोठा साठेदार, सरकारची तिजोरी पाठीशी, आणि तरीही बाजाराने त्याला जुमानले नाही. मग तुमची आमची काय कथा?

आता माझ्या घरच्या गोष्टीकडे वळतो. त्या रात्री आम्ही काका-पुतणे वही घेऊन बसलो. त्याच्या प्रश्नात तथ्य होते, हे मी मान्य केले. जुन्या भावाने सर्व माल विकून मोकळा होणारा व्यापारी पुण्यवान दिसेल; पण पुढची खेप आणण्याचे भांडवल गमावून बसेल, आणि दुकान बंद करून गिऱ्हाइकाची सेवा होत नाही. शेवटी आम्ही असे ठरविले: शाळेच्या पंधरा हार्ड डिस्क ठरल्या भावाने द्यावयाच्या, कारण तो भाव आता आपला राहिलेला नाही, तो शाळेचा झाला आहे. उरलेल्या पंचवीस नव्या खेपेचा भार सोसेल एवढ्या वाढीव भावाने, पण एका गिऱ्हाइकाला दोनच, आणि विचारील त्याला खरेदीची वही दाखवून. आणि माल कपाटात असता "माल नाही" असे कोणालाही सांगावयाचे नाही.

याचे फळ काय मिळाले? सरळ सांगतो. शेजारच्या काही दुकानदारांनी कपाटे बंद ठेवली. त्यांनी दुपटीहून अधिक भाव घेतला. कोणी त्यांना नावे ठेवली नाहीत. ज्या शाळेला आम्ही जुन्या भावाने माल दिला, तिने पुढच्या वर्षीची खरेदी दुसरीकडून केली, कारण तेथे नगामागे पन्नास रुपये कमी पडत होते. पुतण्या कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. सचोटीने वागले की लगेच बरकत येते, असे भाषणात सांगतात. माझ्या वह्यांत तसे नेहमी आढळत नाही.

त्याच सुमारास मी समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार पुन्हा वाचावयास घेतला होता. परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांत आचार्यांनी अतिसंग्रह सांगितला आहे. पुढे मोठा नफा होईल या लोभाने धान्यादी माल बेसुमार साठविणे, असे त्याचे विवरण टीकाकार करतात. परंतु त्याच यादीत विस्मय नावाचा अतिचार आहे, आणि त्याकडे माझे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते. ठरल्या नफ्याने माल विकल्यावर, दुसऱ्याला अधिक लाभ झालेला पाहून मनात विषाद करीत बसणे, तोही दोषच. हे वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली. तो दोष पुतण्यापाशी होता तसा माझ्यापाशीही होता. शेजाऱ्याच्या नफ्याचा हिशेब मीही मनात मांडीत होतोच.

आणि पुढे अतिसंग्रहाची पाळीही माझ्यावरच आली. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळीला किलोमागे दोनशे रुपयांच्या आसपास गेली, सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या. मी मर्यादेच्या आतच होतो, कायद्याने निर्दोष. पण भाव आणखी चढेल म्हणून माल धरून ठेवला आणि नेहमीच्या किराणा दुकानदारांना "बघू, पुढच्या आठवड्यात" असे सांगू लागलो. तेव्हा पुतण्याच म्हणाला, "काका, कपाटात माल असता 'माल नाही' म्हणावयाचे नाही, असे कोणी सांगितले होते?" मी ऐकले नाही. पुढील हंगामात तूर उदंड पिकली. २०१७ च्या आरंभी बाजारभाव क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाच्याही खाली आला. मी धरलेल्या मालाने मुद्दल खाल्ले. मला शिक्षा झाली म्हणून मी हे सांगत नाही. नफा झाला असता तरी ते वागणे चूकच ठरले असते. दुकानदार रिकाम्या हाताने परत गेले, ते नुकसान माझ्या वहीत कोठेच नोंदले गेले नाही, एवढेच.

व्यापारी बंधूंनो, वादळ, पूर आणि भूकंप येतच राहणार. हार्ड डिस्कची जागा आता नव्या लॅपटॉपांत बहुतेक ठिकाणी चिपवरच्या साठवणीने घेतली आहे. उद्या आणखी काही येईल. जगात कोठेतरी एका नदीकाठी एखादी वस्तू एकवटलेली असेल, आणि तेथील पाण्याचा तडाखा आपल्या पेठेला बसेल. यास्तव संघापुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली, भाव सांगताना त्याची मुदत कागदावर लिहून द्यावी. आठ दिवस म्हटले तर आठ दिवस तो भाव पाळावा. त्यानंतर बदलला तर कोणाची तक्रार राहणार नाही. आमच्या घरचे भांडण अर्ध्या कागदाने टळले असते. दुसरी, नेहमीच्या विक्रीला पुरेल एवढा माफक साठा सुकाळात करावा, टंचाईत नव्हे. आणि एकाच घाऊक व्यापाऱ्यावर, एकाच गोदामावर विसंबू नये. सुकाळात केलेला साठा गिऱ्हाइकाचे रक्षण करतो, टंचाईत केलेला साठा त्याचीच कोंडी करतो. तिसरी, अशा प्रसंगी संघाच्या कार्यालयात रोजची आवक आणि भाव फलकावर लावावेत, आणि ज्याच्यापाशी माल आहे त्याने अडलेल्या सभासदाला थोडा खरेदी भावाने द्यावा. तेजीचा भयाचा पदर अफवेवर पोसला जातो. फलकावरची खरी माहिती त्याचे निम्मे बळ हरण करील.

पुराचे पाणी अडविणे आपल्या हाती नाही. त्यावर आपला लोभ मिसळावयाचा की नाही, एवढेच आपल्या हाती आहे. तरुण सभासदांना हे म्हाताऱ्याचे बोलणे वाटल्यास त्यांनी माझ्या पुतण्याला विचारावे. त्याच्या काउंटरवर आज भावाच्या मुदतीची छापील पाटी आहे, आणि शाळेचे ते जुने बिल त्याने अजून जपून ठेवले आहे. का ठेवले, हे मी त्याला कधी विचारले नाही.